‘जपानी घर ३० वर्षांत पाडतात’: एका आकड्याची उलटतपासणी



“जपानमध्ये राहतं घर सरासरी ३० वर्षांत पाडलं जातं. अमेरिकेत ५५ वर्षांनी, इंग्लंडमध्ये जवळजवळ ८० वर्षांनी.” घरबांधणी, शहरनियोजन किंवा पर्यावरण यांपैकी कशावरही थोडंफार वाचलं असेल, तर हे वाक्य तुमच्या नजरेखालून गेलेलं असणार. व्हिडिओंत असतं, वर्तमानपत्रांत असतं, शोधनिबंधांच्या पहिल्या परिच्छेदातही असतं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्यही ठरलेलं: “जपानी संस्कृतीत क्षणभंगुरतेला महत्त्व आहे, म्हणून त्यांना घर टिकवण्याची गरज वाटत नाही.”

आज या दोन वाक्यांची समीक्षा करू या. घरांच्या आयुर्मानाची आकडेवारी हाच माझ्या प्रबंधाचा विषय असल्यामुळे ही वाक्यं मला वारंवार भेटतात. तुमचा विषय वेगळा असेल, पण इथे जो घोटाळा होतो तो सरासरी वापरणाऱ्या कुठल्याही विषयात होऊ शकतो. एक गोष्ट आधीच सांगते. समीक्षा म्हणजे आकडा ‘खोटा’ ठरवणं नव्हे. आकडा नेमकं काय मोजतो, काय मोजत नाही आणि लोक त्याच्याकडून काय वदवून घेतात, हे वेगवेगळं करून बघणं म्हणजे समीक्षा.

आधी घर बघू, मग आकडा

आकड्यावर वाद घालणाऱ्या अनेकांनी ज्या वस्तूबद्दल आकडा आहे ती नीट पाहिलेली नसते. ‘जपानी घर’ म्हटलं की डोळ्यांसमोर कागदी सरकदारं, चटया आणि बाग येते. आजचं साधं कौटुंबिक घर तसं नसतं. शहराच्या उपनगरात लहानशा प्लॉटवर उभं असलेलं, दोन मजली, साधारण १०० ते १२० चौरस मीटरचं, बाहेरून सिमेंटच्या तयार पट्ट्या लावलेलं घर डोळ्यांसमोर आणा. आत प्लास्टरबोर्डच्या भिंती आणि त्यावर विनाइलचा कागद. न्हाणीघर कारखान्यातून सुट्या भागांत येतं आणि जागेवर जोडलं जातं. दारातून आत आल्यावर बूट काढण्याची खालची जागा, म्हणजे ‘गेनकान’, मात्र जवळपास प्रत्येक घरात असते. चटयांची खोली एखादी असते, नाहीतर नसतेच.

सांगाडा मात्र बहुतेक वेळा लाकडीच. काँक्रीटच्या पायावर आडवी लाकडी बैठक बोल्टने घट्ट बसवतात. तिच्यावर १०५ किंवा १२० मिलिमीटर जाडीचे चौकोनी खांब, खांबांवर तुळया, वर छप्पर. सगळी मांडणी ९१० मिलिमीटरच्या चौकटीवर चालते. हा आकडा कुठून आला? जुनं माप ‘शाकु’ म्हणजे ३०३ मिलिमीटर. तीन शाकु म्हणजे सुमारे ९१०. तातामी चटईची रुंदीही ढोबळमानाने तेवढीच आणि लांबी तिच्या दुप्पट. त्यामुळे चटया घरातून गेल्या तरी त्यांचं माप घराच्या हाडांत राहिलं.

पूर्वी खांब-तुळयांच्या खाचा सुतार हाताने पाडायचा. आज खांब-तुळयांच्या बहुसंख्य घरांसाठी हे काम कारखान्यातलं यंत्र करतं. नंबर घातलेलं लाकूड ट्रकमधून येतं आणि सांगाडा एक-दोन दिवसांत उभा राहतो. पूर्ण घर व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात. याशिवाय १९५९-६० पासून दाइवा हाऊस, सेकिसुई हाऊस यांसारख्या कंपन्यांची कारखान्यात बनणारी घरं आली आणि १९७४ पासून उत्तर अमेरिकेतली ‘टू बाय फोर’ पद्धतही सर्वसाधारण वापरासाठी खुली झाली.

हे तपशील कशाला सांगितले? यातला कुठलाही भाग ३० वर्षांत मोडून पडण्यासाठी बनवलेला नाही, हे लक्षात यावं म्हणून. कोरडं राहिलेलं आणि वाळवी न लागलेलं लाकूड कितीतरी जास्त टिकतं. मग ३० वर्षं आली कुठून?

आकड्याचा जन्म

हा आकडा सर्वदूर पोचवण्यात जपानच्या सरकारी अहवालांचा मोठा वाटा आहे. १९९६च्या बांधकाम श्वेतपत्रिकेत जपानसाठी २६, अमेरिकेसाठी ४४ आणि इंग्लंडसाठी ७५ वर्षं असे आकडे होते. नंतर ते बदलत गेले. अलीकडच्या सरकारी तक्त्यांत जपान ३८.२, अमेरिका ५५.९ आणि इंग्लंड ७८.८ असे आकडे दिसतात. लोकांच्या तोंडी मात्र ‘३०’ हा गोल आकडा राहिला.

आता मोजण्याची पद्धत बघा. जपानमध्ये दर पाच वर्षांनी घरांची मोठी पाहणी होते. १९४८ साली ती सुरू झाली. अमुक काळात बांधलेली किती घरं आज उभी आहेत, हे तिच्यातून कळतं. लागोपाठच्या दोन पाहण्या शेजारी ठेवायच्या. १९७१ ते १९८० मध्ये बांधलेली घरं आधीच्या पाहणीत इतकी होती, पुढच्या पाहणीत इतकी उरली. म्हणजे मधल्या पाच वर्षांत इतकी गेली. असं प्रत्येक काळासाठी करायचं आणि *गेलेल्या* घरांच्या वयाची सरासरी काढायची.

पुन्हा वाचा: *गेलेल्या* घरांच्या. उभ्या असलेल्या घरांचा या सरासरीत थेट सहभागच नाही. हा आकडा ‘पाडलेल्या घरांचं पाडतानाचं सरासरी वय’ आहे. घर किती वर्षं जगतं, याचं उत्तर तो देत नाही. सरकारी तक्त्यांत मथळा बहुधा बरोबरच असतो. पण तक्त्यातून लेखात आणि लेखातून भाषणात जाताना ‘पाडलेल्या’ हा शब्द गळून पडतो आणि उरतं ते “जपानी घराचं आयुष्य”.

दोन गावांचं गणित

“त्याने एवढा काय फरक पडतो?” असं वाटत असेल, तर कागद घ्या आणि माझ्याबरोबर हे काल्पनिक गणित सोडवा.

दोन गावं धरू, प्रत्येकी १००० घरांची. घरं बांधण्याची पद्धत आणि मजबुती दोन्हीकडे अगदी सारखी. ४० वर्षांखालच्या घरांपैकी दरवर्षी १ टक्का पाडली जातात, ४० वर्षांवरच्या घरांपैकी ३ टक्के. सोपं जावं म्हणून पाडलेलं तरुण घर सरासरी २० वर्षांचं आणि पाडलेलं जुनं घर सरासरी ६० वर्षांचं मानू.

पहिलं गाव नव्याने वाढलेलं आहे. तिथे ९०० घरं तरुण, १०० जुनी. वर्षात पाडली जातात ९ तरुण आणि ३ जुनी. सरासरी वय: (९ × २० + ३ × ६०) ÷ १२ = ३० वर्षं.

दुसरं गाव जुनं, थांबलेलं. तिथे ३०० घरं तरुण, ७०० जुनी. पाडली जातात ३ तरुण आणि २१ जुनी. सरासरी वय: (३ × २० + २१ × ६०) ÷ २४ = ५५ वर्षं.

घरं तीच, मजबुती तीच, पाडण्याची सवयही तीच. आकडे मात्र ३० आणि ५५! फरक फक्त वस्तीच्या वयाचा. ज्या वसाहतीत सगळी तरुण कुटुंबं राहतात, तिथे वर्षभरात झालेल्या मृत्यूंचं सरासरी वय कमी निघणारच. तेवढ्यावरून तिथल्या माणसांचं आयुष्य कमी आहे, असं आपण म्हणतो का?

जपान हे बऱ्याच अंशी पहिलं गाव होतं. युद्धात शहरंच्या शहरं जळाली. युद्ध संपलं तेव्हा सुमारे ४२ लाख घरांची टंचाई असल्याचा अंदाज होता. मग प्रचंड बांधकाम झालं. एकट्या १९७३ साली सुमारे १९ लाख घरांचं काम सुरू झालं. अशा देशात १९९०च्या दशकात ७० वर्षांची घरं पाडायची म्हटली, तरी ती मुळात उरली होती किती? इंग्लंडमधला घरांचा साठा जुना आणि नवी भर त्या मानाने थोडी; ते दुसऱ्या गावाच्या जवळ जातं. म्हणजे २६ आणि ७५ यांच्यातल्या अंतरात बांधकामाचा आणि सवयींचा भाग किती आणि वस्तीच्या वयाचा किती, हे त्या आकड्यांवरून सांगताच येत नाही.

२६चे ३८.२ झाले याचा अर्थही आता जपून लावावा लागेल. काहीजण म्हणतात, “बघा, जपानी माणूस आता घर टिकवायला शिकला.” असेलही. पण नवं बांधकाम कमी झालं आणि साठा म्हातारा झाला की हा आकडा आपोआपही चढतो.

मग खरं उत्तर काय?

माणसांसाठी आपण काय करतो? विमा कंपन्या वापरतात ती आयुष्य-सारणी आठवा. प्रत्येक वयाच्या लोकांपैकी वर्षभरात किती टक्के गेले ते काढायचं आणि त्या टक्केवाऱ्या एकापुढे एक जोडत जायच्या. इथे जिवंत असलेल्यांचीही मोजणी होते, कारण टक्केवारीच्या छेदात ते असतात.

वासेदा विद्यापीठातले कोमात्सु युकिओ यांनी हीच रीत घरांना लावली. मालमत्ता करासाठी नगरपालिका ज्या नोंदवह्या ठेवतात, त्यांतून कुठल्या वयाची किती घरं होती आणि त्यांतली वर्षभरात किती गेली, हे काढलं. शंभरातली पन्नास घरं उरतात ते वय म्हणजे सरासरी आयुष्य, असं धरलं. २०११च्या सुमाराच्या आकडेवारीवरून लाकडी राहत्या घरांसाठी उत्तर आलं सुमारे ६५ वर्षं. म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त.

इथे टाळ्या वाजवून थांबायचा मोह होतो. थांबू नका. आपल्याला आवडलेल्या आकड्याचीही तितकीच कडक तपासणी करायला हवी, नाहीतर ती समीक्षा नाही, वकिली आहे.

पहिली शंका: कुठलंही एक घर ही ६५ वर्षं ‘जगलेलं’ नाही. आज पाच वर्षांच्या घरांचा जो दर आहे आणि आज साठ वर्षांच्या घरांचा जो दर आहे, ते एकत्र शिवून हे काल्पनिक आयुष्य तयार होतं. आज बांधलेलं घर साठ वर्षांचं होईल तेव्हा त्या वयाचा दर काय असेल, हे यात नाही.

दुसरी शंका जास्त बोलकी आहे. त्याच्या काही वर्षं आधीच्या फेरीत हाच आकडा सुमारे ५४ होता. इतक्या थोड्या काळात ११ वर्षांची वाढ! आधीच उभ्या असलेल्या घरांचं लाकूड काही मधल्या काळात मजबूत झालं नाही. बदलले ते पाडण्याचे दर. पैसा जपून वापरला जाऊ लागला, मुलं शहरात गेली, नवं बांधण्याची घाई उरली नाही. म्हणजे आपण ज्याला ‘घराचं आयुष्य’ म्हणतो, ते लाकूड-काँक्रीटच्या गुणधर्माइतकंच मालकाच्या निर्णयाचं मोजमाप आहे. माझ्या मते या सगळ्या वादातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि ३० वाले आणि ६५ वाले दोघंही तिच्यावरून झरकन पुढे जातात.

३०च्या आकड्यात दडलेली खरी जखम

निर्णय म्हटलं की विचारायला हवं: मालक पाडण्याचा निर्णय का घेतो?

एक उत्तर करखात्याच्या कागदात आहे. घसारा मोजण्यासाठी लाकडी राहत्या घराचं कायदेशीर आयुष्य २२ वर्षं धरलेलं आहे, काँक्रीटच्या घराचं ४७. हा केवळ हिशेबाचा नियम. पण बाजारातलं मूल्यांकनही बराच काळ त्याच वाटेने गेलं: २०-२५ वर्षांच्या लाकडी घराची किंमत जवळजवळ शून्य आणि जी काही किंमत ती जमिनीची. उलट, घर पाडून प्लॉट मोकळा केला तर गिऱ्हाईक लवकर मिळतं. एकूण घरखरेदीत जुन्या घरांचा वाटा जपानमध्ये १५ टक्क्यांच्या आसपास, अमेरिका-इंग्लंडमध्ये ८० टक्क्यांच्या वर.

याचा अर्थ घरात राहणाऱ्यांसाठी काय? एखादं जोडपं पस्तिशीत ३५ वर्षांचं कर्ज काढतं. कर्ज निम्मंशिम्मं फिटतं तेव्हा घराच्या इमारतीला बाजारात भाव उरलेला नसतो. हप्ते चालूच. सरकारनेच केलेल्या एका हिशेबानुसार, घरांमध्ये आजवर घातलेला पैसा आणि त्या घरांची आजची किंमत यांत सुमारे ५०० लाख कोटी येनची तूट आहे. म्हातारपणाची पुंजी समजून ज्यात पैसा घातला, तीच पुंजी विरघळली.

म्हणून ‘३० हा आकडाच चुकीचा, विषय संपला’ असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. शरीराचं आयुष्य ६५ असेल. बाजारातलं आयुष्य ३० सुद्धा नाही. पाडण्याच्या वयाचा आकडा हे दोन्ही नीट मोजत नाही, पण लोक तो वापरताना बहुतेक वेळा या दुसऱ्याच दुखण्याबद्दल बोलत असतात. संशोधकाने दुखण्याला योग्य नाव द्यावं आणि त्याला योग्य मोजपट्टी लावावी.

‘संस्कृती’ नावाचं सोपं उत्तर

आता दुसऱ्या वाक्याकडे. क्षणभंगुरतेचा युक्तिवाद करताना दोन दाखले हमखास येतात: दर २० वर्षांनी नव्याने बांधलं जाणारं इसेचं देवस्थान (अलीकडचं पुनर्निर्माण २०१३ सालचं) आणि आगी-भूकंपांचा इतिहास. दाखले खरे आहेत. पण त्याच देशात होर्युजी मंदिरातल्या लाकडी इमारती सुमारे १३०० वर्षं उभ्या आहेत आणि खेड्यांत शेतकऱ्यांची दोन-दोनशे वर्षं वापरलेली घरंही सापडतात. एकाच संस्कृतीतून दोन्ही बाजूंचे पुरावे मिळत असतील, तर ‘संस्कृती’ने नेमकं काय स्पष्ट केलं?

शिवाय ज्या गोष्टी काही दशकांत बदलल्या, त्यांचं कारण शतकानुशतकं न बदललेल्या गोष्टीत शोधणं अवघड आहे. त्यापेक्षा ज्यांना तारीख आहे अशी कारणं आधी तपासा. मला तीन दिसतात.

पहिलं, *आराखडा जुना होणं.* १९४२च्या सुमारास निशियामा उझो यांनी साध्या लोकांची घरं प्रत्यक्ष पाहून एक निरीक्षण मांडलं: घर कितीही लहान असो, लोक जेवायची आणि झोपायची जागा वेगळी ठेवायची धडपड करतात. त्या काळी एकच खोली दिवसा जेवणाची आणि रात्री झोपायची, हा आदर्श काटकसरीचा नमुना मानला जात होता. निशियामांनी माणसं खरोखर काय करतात ते मोजलं. (पाहणी म्हणजे काय, हे शिकायचं असेल तर हे उदाहरण लक्षात ठेवा.) १९४९ साली हामागुची मिहो यांनी, जपानमध्ये वास्तुविशारद म्हणून नोंदणी झालेल्या पहिल्या स्त्रीने, पुस्तकच लिहिलं: पाहुण्यांसाठी उत्तम खोली आणि घरातल्या बाईसाठी अंधारा, थंड मागचा भाग, ही सरंजामी मांडणी मोडा. १९५१ साली टोकियो विद्यापीठातल्या योशिताके यासुमी आणि सुझुकी शिगेबुमी यांच्या गटाने सरकारी घरांसाठी ‘५१सी’ हा सुमारे ४० चौरस मीटरचा आराखडा केला आणि त्यात स्वयंपाकघरातच जेवायची जागा ठेवली. पुढे १९५५ साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण महामंडळाने ‘डायनिंग किचन’ देशभर पोचवलं, मग त्याला बैठकीची खोली जोडली गेली. आज जपानी जाहिरातीत ‘३एलडीके’ लिहिलेलं दिसतं, म्हणजे तीन खोल्या, शिवाय बैठक, जेवण आणि स्वयंपाक यांची एकत्र जागा. हे सगळं एका पिढीच्या आत घडलं. १९५० साली बांधलेलं घर १९८० साली पाडणाऱ्या सुनेला क्षणभंगुरतेपेक्षा त्या अंधाऱ्या स्वयंपाकघराचा कंटाळा आला असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

दुसरं, *भूकंपाचे नियम.* इमारतींचा मूळ कायदा १९५० सालचा. १९८१च्या जूनमध्ये नियम मोठ्या प्रमाणात कडक झाले. १९९५च्या कोबे भूकंपात ६,४००हून अधिक माणसं गेली, त्यांतली बहुतेक कोसळलेल्या घरांखाली. आणि २००० साली लाकडी घरांच्या सांध्यांवरचे धातूचे जोड आणि भिंतींचा समतोल यांचे नियम स्पष्ट झाले. २०१६च्या कुमामोतो भूकंपानंतर माशिकी गावातल्या लाकडी घरांची पाहणी झाली. १९८१ आधीच्या घरांपैकी २८.२ टक्के कोसळली होती, १९८१ ते २००० मधल्या घरांपैकी ८.७ टक्के आणि त्यानंतरच्या घरांपैकी २.२ टक्के. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवा आणि मग १९७०चं घर पाडणाऱ्या कुटुंबाला ‘उधळं’ म्हणून बघा. जमतं का?

तिसरं, *पैशाची व्यवस्था*: घसाऱ्याचा नियम, जमिनीच्या किमती आणि नव्या बांधकामाला हात देणारी कर्जं. १९५० साली स्थापन झालेल्या सरकारी गृहकर्ज महामंडळाने लाखो कुटुंबांना स्वतःचं घर दिलं, हे खरं. पण घरांची संख्या कुटुंबांहून जास्त झाली ती १९६८च्या पाहणीतच. ‘बांधा’ या धोरणाकडून ‘टिकवा’कडे मोठं वळण यायला मात्र २००६चा गृहनिर्माण मूलभूत कायदा आणि २००९ साली अमलात आलेला दीर्घायुषी घरांचा कायदा उजाडावा लागला.

या तिन्ही कारणांची परीक्षा घेता येते. १९८१ आधीची आणि नंतरची घरं वेगळी काढा, पाडण्याचे दर ताडून बघा. ‘क्षणभंगुरते’ची अशी परीक्षा कशी घेणार? ज्या कारणाला चुकीचं ठरण्याची संधीच नाही, ते कारण प्रबंधात घ्यायच्या आधी दहा वेळा विचार करा. संस्कृतीला काहीच महत्त्व नाही, असं मी म्हणत नाही. ती शेवटी उरलेल्या फरकासाठी राखून ठेवा, सुरुवातीलाच खर्च करू नका.

जी घरं कुठल्याच आकड्यात नीट बसत नाहीत

आता शेवटचा मुद्दा. मला वाटतं, पुढचं संशोधन इथेच आहे.

२०२३च्या पाहणीत जपानमध्ये सुमारे ९० लाख घरं रिकामी सापडली. एकूण घरांच्या १३.८ टक्के. त्यांतली काही भाड्याने किंवा विकायला ठेवलेली आहेत, पण कितीतरी घरं आईवडील गेल्यावर नुसती बंद पडलेली आहेत. वारस टोकियोत, घर डोंगराकडेच्या गावात. पाडायला खर्च येतो. वर, जमिनीवर घर उभं असेल तर २०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेसाठी मालमत्ता कराचा आधार सहाव्या हिश्श्यावर येतो. घर पाडलं की ही सवलत गेली. मग पाडायचं कशाला? २०१५ साली अमलात आलेल्या कायद्याने धोकादायक ठरवलेल्या रिकाम्या घरांची ही सवलत काढून घेण्याची सोय केली, पण प्रश्न मिटलेला नाही.

आता दोन्ही आकडे या घरांना कसे वागवतात ते बघा. पाडलेल्या घरांच्या सरासरीला हे घर दिसतच नाही, कारण ते पाडलेलं नाही. ६५ वर्षांच्या हिशेबात ते दिसतं, पण *जिवंत* म्हणून! नोंदवहीत नाव आहे, कराची पावती निघते, आणि आत छपरातून पाणी गळतंय, चुलीशी कोणी नाही. अशी घरं वाढली की जपानी घराचं ‘सरासरी आयुष्य’ कागदावर आणखी वाढेल आणि कोणीतरी उत्साहाने लिहील की जपानी लोक आता घरं जपू लागले.

म्हणून आपल्याला तिसरी मोजपट्टी हवी: घरात माणूस राहिला ती वर्षं. रिकामं होण्याचा क्षण आणि पाडण्याचा क्षण, हे दोन वेगळे मृत्यू धरून. पाणी-विजेच्या जोडण्या, रहिवाशांच्या नोंदी, पाहणीतला ‘रिकामं’ हा रकाना यांतून हे जमेल का, हा खरा कष्टाचा प्रश्न आहे.

तुमच्यासाठी

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये आत्ता जो सगळ्यात आकर्षक आकडा असेल, तो घ्या आणि त्याला हे पाच प्रश्न विचारा:

१. सरासरी नेमकी कोणाची? सगळ्यांची, की फक्त गेलेल्यांची, सोडलेल्यांची, नापास झालेल्यांची?

२. छेदात कोण आहे आणि कोण असायला हवं होतं?

३. दोन देशांची किंवा दोन गटांची तुलना असेल, तर त्यांची वयाची रचना सारखी आहे का?

४. आकडा काळाबरोबर बदलला असेल, तर वस्तू बदलली, माणसांचे निर्णय बदलले, की नुसती रचना बदलली?

५. दिलेलं कारण चुकीचं असतं, तर आपल्याला ते कशावरून कळलं असतं?

पहिल्या प्रश्नालाच उत्तर मिळालं नाही, तर मूळ तक्ता शोधा आणि त्याचा मथळा शब्दन् शब्द वाचा. ‘शाळा सोडणाऱ्यांचं सरासरी वय’, ‘बंद पडलेल्या लघुउद्योगांचं सरासरी आयुष्य’, ‘घटस्फोटापर्यंतची सरासरी वर्षं’: हे सगळे त्याच पहिल्या गावातले आकडे आहेत. तुमच्या विषयात असा कुठला आकडा फिरतोय, ते खाली कमेंटमध्ये जरूर लिहा. छेद आपण मिळून शोधू.